भाड्याच्या घरात तीन मीटरचा मिनोटॉर: रॉनच्या फ्लॅटचं प्रकरण

गेली चौदा वर्षं मी भाड्याच्या घरात राहतेय, आणि या काळात सहीसाठी समोर आलेल्या प्रत्येक लीव्ह अँड लायसन्स अ‍ॅग्रीमेंटमध्ये एक कलम हमखास असतं, परवानगीशिवाय भिंतीला भोकं पाडायची नाहीत. एका मालकांनी तर घर सोडताना टॉर्च घेऊन खिळे मोजले होते. त्यामुळे रॉन गिटिन्सच्या फ्लॅटबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी फोटोंआधी त्याच्या भाडेकराराकडेच अडकले. त्याच्या करारात लिहिलेलं होतं की भाडेकरूला आपल्या आवडीप्रमाणे घर सजवता येईल. घरमालकाच्या डोळ्यासमोर फार तर वॉलपेपर असेल, एखादा भडक रंग असेल. रॉनने त्या एका ओळीवर ३३ वर्षं काढली आणि सिमेंट-काँक्रीटमध्ये साधारण तीन मीटर उंचीचा मिनोटॉर उभा केला, म्हणजे तो ग्रीक पुराणातला बैलाच्या डोक्याचा राक्षस, आणि तोही हॉलमधल्या शेकोटीभोवती, हात लावला तर भिंतच खाली येईल इतका घट्ट.

हे घर इंग्लंडमध्ये बर्कनहेडला आहे. लिव्हरपूलच्या समोर, मर्सी नदीच्या पलीकडच्या काठाला हे गाव, एकेकाळी जहाजबांधणीसाठी मोठं नाव असलेलं, आणि जोसेफ पॅक्सटनने आखलेलं, १८४७ साली उघडलेलं तिथलं पार्क म्हणजे लोकांच्या पैशातून लोकांसाठी केलेल्या अगदी सुरुवातीच्या बागांपैकी एक, न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कवर त्याची छाप आहे. या गावाच्या ऑक्स्टन भागात व्हिक्टोरियन काळातले मोठे बंगले आहेत, आपल्याकडे वाड्यांच्या खोल्या करून भाड्याने दिल्या तसे पुढे त्यांचे फ्लॅट केले गेले. अशाच एका घराचा तळमजला रॉनने १९८६ मध्ये भाड्याने घेतला. बाहेरून बघाल तर काहीच कळणार नाही, विटांचं जुनं घर, बाकीच्यांसारखंच.

आत मात्र पॅसेज म्हणजे इजिप्तची थडगी, दोन्ही बाजूंना चित्रं. एका खोलीत शेकोटीच्या जागी सिंहाचं भलंमोठं डोकं आणि त्याचा उघडा जबडा म्हणजेच आग पेटवायची जागा. किचनमध्ये रोमन वेदीसारखी भट्टी. बाथरूमच्या भिंतींवर समुद्र आणि मासे. ग्रीक, रोमन, इजिप्शियन, जे जे त्याच्या डोक्यात होतं ते सगळं भिंतींवर, छतावर, जिथे जागा मिळाली तिथे. शिवाय कागदाच्या लगद्याच्या मूर्ती, पोशाख, चित्रं वेगळीच. परिसरात लोक त्याला ओळखायचे ते एक तऱ्हेवाईक, गप्पिष्ट माणूस म्हणून, पण आत जवळपास कोणालाच घेत नसे. नातेवाईकांना माहीत होतं की हा काहीतरी करत असतो, पण किती आणि काय हे माहीत नव्हतं. सप्टेंबर २०१९ मध्ये तो गेला, ७९ व्या वर्षी, आणि मग घरच्यांनी दार उघडलं.

इथून पुढे प्रकरण सुरू होतं, कारण रॉनने काय केलं हे फोटोत दिसतंच, माझा सगळा रस दार उघडल्यानंतर काय झालं त्यात आहे.

कोणाचं काय?

भाडेकरू वारला की साधा हिशोब असतो, सामान उचला, घर रिकामं करा, किल्ली द्या. रॉनचं सामान उचलायचं म्हणजे काय? कागदी मूर्ती, कॅनव्हास, कपडे हे उचलता येतात, ते त्याचे, म्हणजे त्याच्यामागे घरच्यांचे. पण मिनोटॉर? इंग्लिश कायद्यात फार जुना नियम आहे की जमिनीला किंवा इमारतीला कायमचं जोडलेलं ते इमारतीचंच, मग जोडणारा कोणीही असो. किती घट्ट जोडलंय आणि कशासाठी जोडलंय हे बघतात. १९९७ मध्ये एलिटस्टोन विरुद्ध मॉरिस या खटल्यात तिथल्या हाउस ऑफ लॉर्ड्ससमोर, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयासमोर, एक लाकडी बंगला होता, जमिनीवर नुसता टेकलेला, पण मोडतोड केल्याशिवाय हलवता येणार नाही असा, आणि निकाल असा लागला की तो जमिनीचाच भाग. मी वकील नाही, पण लाकडी बंगल्याचं असं, तर काँक्रीटच्या सिंहाचं काय असेल हे सांगायला वकील लागत नाही.

म्हणजे गंमत बघा. ३३ वर्षं राबला रॉन, सिमेंट त्याचं, रंग त्याचे, आणि गोष्ट झाली मालकाची, ज्याला ती नको असण्याचीच शक्यता जास्त. कॉपीराइट मात्र वेगळा, तो इमारतीबरोबर जात नाही, ब्रिटनमध्ये कलाकाराच्या मृत्यूच्या वर्षानंतर ७० वर्षं, म्हणजे रॉनच्या बाबतीत २०८९ संपेपर्यंत तो वारसांकडेच. म्हणजे सिंहाच्या फोटोचं पोस्टकार्ड छापायला घरच्यांची परवानगी हवी पण खुद्द सिंह फोडायला नको, असं काहीतरी विचित्र त्रांगडं.

आपल्याकडे याच्या जवळ जाणारी एक केस आहे. दिल्लीच्या विज्ञान भवनात शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं ब्राँझचं प्रचंड भित्तिशिल्प होतं, १९७९ मध्ये ते काढून गोदामात टाकलं, तुकडे झाले. सहगल कोर्टात गेले, आणि २००५ मध्ये दिल्ली हायकोर्टाने उरलेले अवशेष परत द्यायला आणि पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं, कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ खाली, की मालकी सरकारची असली तरी कलाकाराचा म्हणून एक नैतिक हक्क राहतो. चांगला निकाल आहे, पण किती वर्षांनी आला बघा, आणि तेव्हा कलाकार जिवंत होता, नावाजलेला होता, आणि शिल्प सरकारने स्वतः मागवलेलं होतं. रॉनकडे यातलं काहीच नव्हतं.

थोडं विषयांतर, पण राहवत नाही म्हणून. महाराष्ट्राच्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम १६ मध्ये मालकाच्या लेखी संमतीशिवाय कायमस्वरूपी बांधकाम केलं तर भाडेकरूला काढता येतं, आणि मग त्याच कलमात खाली खुलासा आहे की लाकडी पार्टिशन, उभा ओटा, खोटं छत, एसी, धुराची चिमणी हे त्यात धरायचं नाही. म्हणजे रॉन गिरगावात पागडीच्या खोलीत राहत असता तर धूर जायची चिमणी चालली असती, तिच्याखालचा मिनोटॉर अडकला असता. त्याची खरी ताकद त्या करारातल्या एका ओळीत होती. ती संमती होती. ती ओळ नसती तर १९९० च्या आसपासच कोणीतरी दार वाजवलं असतं.

भाडं भरत राहणं

रॉनची पुतणी-भाची, इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द असल्यामुळे नक्की काय ते बातम्यांतून कळत नाही, जॅन विल्यम्स ही स्वतः कलाकार आहे. ती आणि तिचा साथीदार ख्रिस टीसडेल 'कॅरव्हॅन गॅलरी' चालवतात, ब्रिटनमधल्या अगदी साध्या, कोणी बघणार नाही अशा जागांचे फोटो काढणं हेच यांचं कित्येक वर्षांचं काम. हा योगायोग माझ्या मते या प्रकरणात सगळ्यात मोठा आहे. दार उघडल्यावर आत काय दिसतं हे दार कोण उघडतं त्यावर असतं. दुसरं कोणी असतं तर आत अडगळ दिसली असती, आणि अडगळ होतीच, तीन दशकांचा संसार आणि पसारा, वाट काढत चालावं लागेल असा. जॅनला अडगळीच्या मागचं दिसलं.

पण दिसलं तरी करायचं काय, घर दुसऱ्याचं. त्यांनी सगळ्यात साधी आणि सगळ्यात शहाणी गोष्ट केली, मालकाशी बोलून भाडं भरत राहिले. मेलेल्या माणसाच्या घराचं भाडं! ऐकायला वेडेपणा वाटतो. पण अशा घरांच्या जुन्या केसेस काढून बघा, घात बहुतेक वेळा पहिल्या काही महिन्यांत होतो, कंत्राटदार येतो, डंपर येतो, दोन दिवसांत खेळ खल्लास, आणि नंतर सगळे हळहळतात. भाडं भरून त्यांनी वेळ विकत घेतला. या वेळात पसारा हलवला, जे होतं त्याची नोंद केली, फोटो काढले, लोकांना सांगायला सुरुवात केली. मग २०२० आलं, लॉकडाऊन, लोकांना घरात बोलावून दाखवणं बंद. तरी बातमी पसरली, पेपरांत आलं, आणि गायक जार्व्हिस कॉकर पाठीशी उभा राहिला, ज्याने १९९० च्या दशकाच्या शेवटी अशाच घरबसल्या जग बनवणाऱ्या लोकांवर टीव्ही मालिका केली होती, त्यामुळे त्याला हे काय आहे हे समजावून सांगायची गरज नव्हती.

इथे माझ्या काकांचं सांगते. ते रिटायर झाल्यावर त्यांनी तळमजल्याच्या गॅलरीत दिवाळीचा किल्ला केला होता आणि तो दिवाळीनंतर मोडलाच नाही. दरवर्षी वाढत गेला, बुरूज, माची, पाण्याची टाकी, त्यात खरं पाणी, मातीवर सिमेंटचा हात, मावळे सगळे हाताने केलेले, रंगवलेले. अकरा वर्षं. ते गेल्यावर वर्षभरात सोसायटी रीडेव्हलपमेंटला गेली आणि आम्ही मावळे तेवढे डब्यात भरून आणले. किल्ल्याचा एकही धड फोटो आमच्याकडे नाही, जे आहेत त्यात पुढे कोणाचा तरी वाढदिवस आहे आणि मागे अर्धा बुरूज. आम्ही वाईट लोक नव्हतो. आम्हाला फक्त ते सामानच वाटलं. किल्ल्याची लायकी रॉनच्या घराएवढी होती का, हा प्रश्न मला विचारू नका, मला माहीत नाही आणि आता ठरवायचा मार्गही नाही, हाच तर मुद्दा आहे.

लिलाव

मग जे व्हायचं होतं ते झालं, आख्खं घर विक्रीला निघालं, लिलावात. नुसता तळमजला नाही, पूर्ण इमारत. आता लिलावात घर घेणारा काय बघणार, व्हिक्टोरियन घर, चांगला एरिया, तळमजल्यावर 'थोडं काम' आहे. ते काम म्हणजे हातोडा घेऊन सिंहाचं डोकं फोडणं.

वारसा म्हणून सरकारी संरक्षण तोवर नव्हतं. ब्रिटनमध्ये जुन्या इमारतींना 'लिस्टेड' करतात, इंग्लंडमध्ये अशा साधारण चार लाख नोंदी आहेत, त्यातल्या नव्वद टक्क्यांहून जास्त ग्रेड टू या पायरीवर. पण निकष बघितले तर रॉनचं घर प्रत्येक ठिकाणी अडखळतं. तीस वर्षांपेक्षा कमी जुनी गोष्ट सहसा घेत नाहीत, फारच असामान्य असेल आणि धोक्यात असेल तरच. रॉनने १९८६ नंतर सुरू केलं आणि मरेपर्यंत करत राहिला, म्हणजे एकाच खोलीतला एक कोपरा तीस वर्षांचा आणि दुसरा पाच. शिवाय लिस्टिंग म्हटलं की आर्किटेक्ट कोण, काळ कोणता, शैली कोणती. इथे आर्किटेक्ट नाही, शैली म्हणावी तर पुस्तकांतून पाहिलेला रोम आणि बर्कनहेडच्या दुकानातलं सिमेंट.

तर संरक्षण नाही, मालकी नाही, तारीख ठरलेली. हातात एकच उरलं, घरच विकत घेणं. त्यासाठी 'विरल आर्ट्स अँड कल्चर कम्युनिटी लँड ट्रस्ट' नावाची संस्था होती. कम्युनिटी लँड ट्रस्ट हा प्रकार थोडा समजून घेण्यासारखा आहे, २००८ च्या कायद्यात त्याची व्याख्या आहे, की संस्थेने जमीन-घर घ्यायचं ते त्या भागातल्या लोकांच्या भल्यासाठी, नफा झाला तरी त्याच कामात घालायचा, आणि मालमत्ता विकायची झाली तर ती लोकांच्या फायद्याची आहे असं वाटलं तरच. आपल्याकडे देवस्थानच्या इनाम जमिनी असतात ना, उत्पन्न देवाच्याच कामाला जायचं, थोडंफार तसं समजा, देव वगळून. या प्रकरणात ट्रस्टचा फायदा हा की उद्या नवा पदाधिकारी आला आणि त्याला मिनोटॉर भयाण वाटला, तरी घर बिल्डरला विकून मोकळं होणं सोपं नाही.

पण ट्रस्टकडे पैसे कुठले. ऐनवेळी पैसे दिले टॅमसिन विम्हर्स्ट या बाईंनी, ३,३५,००० पौंड, तेव्हाच्या भावाने साधारण सव्वातीन-साडेतीन कोटी रुपये, आणि मार्च २०२३ मध्ये घर ट्रस्टच्या ताब्यात आलं.

ही बाई आकाशातून पडली नव्हती. केंब्रिजमध्ये एका साध्या चाळवजा ओळीतलं कामगाराचं घर आहे, डेव्हिड पार याचं. तो श्रीमंतांची घरं आणि चर्च रंगवणाऱ्या कंपनीत कारागीर होता, १८८६ मध्ये त्याने हे छोटं घर घेतलं आणि पुढची चाळीस वर्षं संध्याकाळी घरी येऊन तशाच नक्षीने स्वतःच्या भिंती रंगवल्या. १९२७ मध्ये तो गेल्यावर त्याची नात तिथे आली ती ८५ वर्षं राहिली आणि तिने भिंतींना हात लावला नाही. ते घर वाचवून २०१९ मध्ये लोकांसाठी खुलं करण्यामागे विम्हर्स्ट बाई होत्या. म्हणजे त्यांना आधीच माहीत होतं की असं घर दुसऱ्यांदा मिळत नाही, आणि घेतल्यावर पुढे काय काय निस्तरावं लागतं तेही. जॅनला दिसलं कारण तिची नजर तशी होती, विम्हर्स्टनी पैसे काढले कारण त्यांनी एक घर आधी करून दाखवलं होतं. प्रकरण अभ्यास म्हणून लिहिताना लोक यातून 'मॉडेल' काढतात. मला यात मॉडेल कमी आणि नशीब जास्त दिसतं, फक्त नशीब येईपर्यंत भाडं भरत राहणं हे मात्र नशीब नव्हतं.

पुढच्या वर्षी, २०२४ मध्ये, लिस्टिंगही मिळालं, ग्रेड टू. इंग्लंडमध्ये 'आउटसायडर आर्ट' म्हणून, म्हणजे कलेच्या संस्थांच्या बाहेर स्वतःच्या मनाने काम करणाऱ्याची कला म्हणून, असं संरक्षण मिळालेलं हे पहिलं उदाहरण मानलं जातं. क्रम लक्षात घ्या. आधी भाडं, मग नोंद, मग लोक, मग पैसे, मग मालकी, आणि सगळ्यात शेवटी सरकार. संरक्षण आलं ते घर वाचल्यावर. अर्थात त्याचा उपयोग नाही असं नाही, लिस्टिंगमध्ये आतला भागही येतो, तिथल्या कायद्याप्रमाणे आता विनापरवाना काही फोडलं तर तो फौजदारी गुन्हा आहे. भाडेकरूने भिंतीवर काही केलं म्हणून मालकाला राग यायचा, आता मालकाने भाडेकरूचं पुसलं तर त्याला कोर्ट. उशिरा का होईना, त्या कराराच्या ओळीवर सरकारी शिक्का बसला म्हणायचं.

उचलून का नेलं नाही?

हा प्रश्न कोणीही विचारेल, म्युझियममध्ये का नाही ठेवत. हे झालेलं आहे. कॅनडात नोव्हा स्कोशियामध्ये मॉड लुईस नावाची चित्रकार होती, संधिवाताने हात वाकडे झालेले, नवऱ्याबरोबर एका खोलीच्या घरात राहायची, वीज नाही, नळ नाही, आणि तिने दार, खिडकीच्या काचा, जिना, शेगडी, ब्रेडचा डबा, सगळ्यावर फुलं-पाखरं रंगवली. १९७० मध्ये ती गेली, १९७९ मध्ये नवरा गेला, घर ओलाव्याने सडायला लागलं. गावच्या लोकांनी सोसायटी काढून धडपड केली, शेवटी १९८४ मध्ये घर प्रांताच्या सरकारने घेतलं, पण मग वर्षानुवर्षं ते नुसतं साठवून ठेवलेलं. १९९६ मध्ये दुरुस्ती सुरू झाली, तीही एका शॉपिंग मॉलमध्ये, येणाऱ्या-जाणाऱ्यांना बघता येईल अशी, आणि १९९८ पासून ते आख्खं घर हॅलिफॅक्सच्या आर्ट गॅलरीच्या आत उभं आहे. गॅलरीच्या छताखाली घर. पाऊस नाही, थंडी नाही, रंग सुरक्षित. मूळ जागी, मार्शलटाउनला, त्याच आकाराचा स्टीलचा सांगाडा आहे, स्मारक म्हणून.

मॉडचं घर उचलता आलं कारण ते लाकडाचं होतं आणि चार मीटरच्या आसपास लांब-रुंद. रॉनचं काम दगड-विटांच्या घराच्या पोटात आहे, प्लॅस्टरवर रंग, विटेवर काँक्रीट, वर इतर फ्लॅट. ते कापून काढायचं तर तुकडेच. आणि तुकडे ठेवले असते, एक सिंहाचं डोकं गॅलरीत, खाली पाटी, तर ते एक विचित्र शिल्प झालं असतं. आत्ता ते काय आहे? पॅसेजमधून इजिप्त ओलांडून तुम्ही एका अगदी नेहमीच्या मापाच्या खोलीत येता आणि तिथे हा जबडा. खोलीचं माप नेहमीचं असणं हा त्या कलेचा अर्धा भाग आहे. (मी तिथे गेलेले नाही, फोटो आणि व्हिडिओवरून बोलतेय, तरी हे इतकं कळतं.)

जागेवर ठेवण्याची किंमतही आहे. दक्षिण आफ्रिकेत न्यू-बेथेस्डा नावाच्या आडगावात हेलन मार्टिन्सचं 'घुबडांचं घर' आहे, तिने भिंतींवर काचेचा चुरा चिकटवून दिव्याच्या उजेडात चमकणाऱ्या खोल्या केल्या आणि अंगणात सिमेंटचे उंट, घुबडं, माणसं. १९७६ मध्ये ती गेल्यावर घर जागेवरच राहिलं, पण उन्हापावसाने सिमेंट तडकलं, आणि १९९० च्या दशकात दुरुस्तीला बोलावलं ते कूस मालगासला, ज्याने तिच्या हाताखाली बारा वर्षं ही शिल्पं प्रत्यक्ष घडवली होती. तिचा हात माहीत असलेला माणूस जिवंत होता. रॉन एकट्याने करायचा. त्याने सिमेंटमध्ये काय कालवलं, कोणता थर आधी, कुठे आत जाळी आहे आणि कुठे नुसताच ढीग, हे सांगणारा कोणी नाही. त्यामुळे तडा गेला तर आधी तो का गेला हे शोधायचं. साधा घरगुती रंग ओल्या प्लॅस्टरवरून पापुद्रे होऊन सुटतो, हे आपल्याकडे प्रत्येक पावसाळ्यात कोणालाही दिसतं, पण तिथे तो पापुद्रा म्हणजे इजिप्तच्या राजाचं, फेरोचं नाक असू शकतं. खरवडून परत रंगवलं की घर आपलं झालं, रॉनचं राहिलं नाही. म्हणून असल्या कामात नियम असा की सुटतंय ते चिकटवा, नवीन घालायचं तर इतकंच आणि असं की उद्या काढता येईल.

आणि पसारा? हा मला सगळ्यात अवघड प्रश्न वाटतो. पसारा हलवला नसता तर भिंती दिसल्या नसत्या, कोणी आत येऊ शकलं नसतं. पण रॉन त्या पसाऱ्यातच राहत होता. रिकाम्या, झाडलेल्या खोलीतला मिनोटॉर रॉनने कदाचित स्वतःही कधी बघितला नसेल. नोंद करून, फोटो काढून मग हलवणं हाच रस्ता होता, मी असते तर तेच केलं असतं, पण काहीतरी गेलं हे मान्य करायला हवं.

त्याहून खोल एक गोष्ट आहे. तो कोणाला आत घेत नव्हता. मग आता रांगा लावून माणसं आत सोडायची? काही लोक म्हणतात की हा त्याच्या इच्छेचा अपमान आहे. मला तसं वाटत नाही, पण माझं कारण फार भक्कम नाही. ज्याला कधीच कोणाला दाखवायचं नसतं तो इतक्या मोठ्या सिंहाचं तोंड दाराकडे करून बसवत नाही, असं मला वाटतं, आणि हे मी स्वतःच्या सोयीसाठी म्हणत असेनही.

चंदीगडचे नेकचंद आठवतात इथे. सरकारी रस्ते निरीक्षक, १९५७ पासून सरकारी जंगलाच्या जमिनीवर लपूनछपून फुटक्या बांगड्या, बशा, दगड यांचं राज्य उभं करत होते, सापडलं तेव्हा कायद्याने ते पाडायला हवं होतं, पण १९७६ मध्ये तेच रॉक गार्डन म्हणून उघडलं आणि त्यांनाच तिथे कामाला ठेवलं. त्यांच्या नशिबाने ते सापडले तेव्हा जिवंत होते, पन्नाशीतले, पुढची कित्येक वर्षं स्वतःच वाढवत राहिले. रॉनचं दार त्याच्या मागे उघडलं. त्याला कोणी विचारू शकलं नाही की हा कोपरा झालाय की अजून करायचाय.

सध्याची स्थिती म्हणाल तर मालकी ट्रस्टची, लिस्टिंग आहे, बाकीच्या घराचा आणि बागेचा उपयोग कलेच्या कामासाठी करायचा विचार आहे. हे चांगलंच, कारण नुसता एक फ्लॅट बघायला येणाऱ्या लोकांच्या तिकिटावर व्हिक्टोरियन घर चालत नाही. आणि मालक झालात की आख्ख्या घराचे झालात. तळमजल्याच्या बाथरूममधले मासे सांभाळायचे तर वरच्या फ्लॅटची पाइपलाइन आणि त्याच्यावरचं छप्पर आधी बघावं लागतं, गळती वरून सुरू होते, आणि ती दुरुस्ती फोटोत येत नाही म्हणून तिला देणगी मिळणं सगळ्यात कठीण.